चौदाव्या लुईचं कोरीव छापचित्र: रूपविश्लेषण करताना नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कला-इतिहासाच्या पेपरसाठी तुम्ही फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचं एक एनग्रेव्हिंग, म्हणजे कोरीव छापचित्र, निवडलंय. चित्रकार इयासँत रिगोने 1701 मध्ये रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रावरून पिएर द्रव्हेने तांब्यावर कोरलेलं. दोन पानं लिहून दिलीत, ती परत आली आणि वर सरांचा शेरा होता, "यात राजा आहे, चित्र कुठे आहे?" आता तुम्ही विचारताय की रंग नाहीत, मूळ कल्पनाही दुसऱ्याची, मग रूपविश्लेषणात, म्हणजे चित्रात डोळ्यांना जे दिसतं त्याच्याच आधारे केलेल्या विश्लेषणात, लिहायचं तरी काय? आणि इतिहास अजिबात आणायचाच नाही का?

शेरा बोचरा आहे, पण खोटा नाही. तुम्ही जोडलेला उतारा वाचला. त्यात व्हर्सायचा राजवाडा आहे, सूर्याची उपमा आहे, निरंकुश सत्ता आहे, दरबारी शिष्टाचार आहे. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चित्र न बघताही लिहिता आलं असतं. विद्यार्थ्यांचं लिखाण तपासताना मी हीच एक चाचणी लावतो. वाक्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे लिहायला चित्र समोर लागलं का? नसेल लागलं तर ते वाक्य तूर्त बाजूला.

मी स्वतः तांब्याच्या प्लेटवर काम करतो आणि प्रिंटमेकिंगच्या मुलांना जुनी छापचित्रं बघायला शिकवतो, त्यामुळे माझं उत्तर हत्याराच्या बाजूने येईल. सौंदर्यशास्त्राच्या बाजूने कुणी लिहिलं तर ते वेगळं असेल.

तुमची अडचण शब्दांची नाही. रेषा, छटा, पोत, अवकाश, समतोल ही यादी तुम्हाला पाठ आहे. अडचण अशी की तुमची नजर कागदावर टेकतच नाही, थेट राजापर्यंत जाते. मखमल दिसली की तुम्ही "मखमलीचा झगा" लिहून पुढे जाता. कागदावर मखमल नाहीच. तिथे काळ्या शाईच्या रेषा आहेत आणि त्यांच्यामध्ये सोडलेला कोरा कागद आहे. एवढ्याच भांडवलावर मखमल, फर, रेशीम, संगमरवर, केस आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी हे सगळं एकमेकांपासून वेगळं कसं काढलं, हा या चित्रापुढचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर म्हणजेच तुमचं विश्लेषण.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. सरांना निव्वळ रूपविश्लेषण हवंय की शेवटी संदर्भासह अर्थही, हे त्यांनाच विचारा, कारण प्रत्येक शिक्षकाची अपेक्षा वेगळी असते. तुम्ही कागदावरचा अस्सल छाप पाहिलाय की स्क्रीनवरची प्रतिमा, यावरही कशाबद्दल ठामपणे बोलता येईल ते ठरतं. आणि छापचित्र दुसऱ्याच्या रंगचित्रावरून केलेलं आहे की कोरणाऱ्यानेच समोर बसवून काढलेलं, यावर विश्लेषणाचा रोखच बदलतो. तुमचं पहिल्या जातीचं आहे.

आधी हत्यार समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एनग्रेव्हिंगचं हत्यार म्हणजे बुरिन. चौकोनी किंवा शंकरपाळी छेदाची पोलादी सळई, टोकाला तिरकी घासलेली, मागे तळहातात बसेल अशी लाकडी मूठ. ती ओढायची नसते, पुढे ढकलायची असते. तांब्याची बारीक तार निघत जाते आणि मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच राहते. जोर वाढवला की खाच खोल होते आणि रुंदही होते, जोर कमी केला की निमुळती होत संपते. म्हणून बुरिनच्या रेषेची दोन्ही टोकं बहुधा अणकुचीदार असतात आणि पोट फुगलेलं असतं. आम्लाने खाल्लेल्या एचिंगच्या रेषेला हे सहज जमत नाही. ती बरीचशी एकाच जाडीची असते आणि टोकाला बोथट संपते. वळण घ्यायचं तर हात वळत नाही. प्लेट वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेली असते आणि दुसऱ्या हाताने ती प्लेटच फिरवली जाते. राजाच्या केसांमधली ती लांब, एका दमात काढल्यासारखी वाटणारी वळणं अशी, पत्रा फिरवून निघतात. एकदा खाच पडली की ती बुजवणं महाकर्मकठीण. त्यामुळे या चित्रात कुठलीही रेषा चुकून आलेली नाही असं धरून चालायला हरकत नाही. आपल्याला विश्लेषणात याचा मोठा फायदा होतो, कारण प्रत्येक रेषेला "तू इथे का?" असं विचारता येतं.

छापताना शाई खाचांमध्ये भरतात, वरचा पत्रा पुसून स्वच्छ करतात, ओलसर कागद ठेवून प्रेसच्या रुळांतून काढतात. कागद खाचेत शिरून शाई उचलतो. चित्र उलटं छापलं जातं. यातून तुमच्या विश्लेषणाचा एक मुद्दा फुकट मिळतो. रिगोच्या चित्रात तलवार राजाच्या डाव्या अंगाला आहे, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे, आणि राजदंड उजव्या हातात. तुमच्या छापात त्या कुठे आहेत ते बघा. बाजू तशाच राहिल्या असतील तर कोरण्याआधी अख्खी रचना आरशातल्यासारखी उलटवून प्लेटवर उतरवावी लागली. बाजू बदलल्या असत्या तर राजा डावखुरा झाला असता आणि तलवार भलत्याच कमरेला आली असती. पुष्कळ स्वस्त नकलांमध्ये अगदी हेच झालेलं दिसतं. राजाच्या बाबतीत डावं-उजवं हा शिष्टाचाराचा भाग, त्यामुळे ही तपासणी क्षुल्लक समजू नका.

आता प्रत्यक्ष बघणं. मी मुलांना सांगतो की मोठ्या रिझोल्यूशनची प्रतिमा घ्या, तिच्यातल्या पाच-सहा जागा भरपूर मोठ्या करून छापा आणि त्यावर बटर पेपर ठेवून रेषा गिरवा. सुंदर येण्याची गरज नाही. हाताला दिशा कळली पाहिजे. चेहरा, केस, झग्याची बाहेरची बाजू, फरचं अस्तर, पोटरी आणि मागचा पडदा एवढ्या जागा पुरे. हे करायला एक संध्याकाळ जाते, पण नंतर लिहायला काय हा प्रश्न पडत नाही.

झग्यापासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त जागा त्यानेच व्यापली आहे. राज्याभिषेकाचा झगा, बाहेरून निळी मखमल, त्यावर सोनेरी लिलीची फुलं, आतून पांढरी फर. रंगचित्रात निळा झगा आणि मागचा लाल पडदा रंगामुळेच वेगळे होतात. द्रव्हेकडे निळा नाही आणि लालही नाही. दोन्ही गडद कापडं, दोन्हींना जड घड्या. एकसारखी कोरली असती तर राजा पडद्यात विरघळला असता. म्हणून त्याला वेगळं करायला तीनच गोष्टी हाताशी उरतात: रेषेची दिशा, रेषांची दाटी आणि एकावर एक किती थर आडवे घातले ते. तुमच्या प्रतिमेत मखमल आणि पडदा जिथे एकमेकांना भिडतात ती कड शोधा आणि तिथे या तिन्हींपैकी काय बदललं ते दोन वाक्यांत लिहा. फक्त एवढं नीट जमलं तरी तुमचं दुसरं पान पहिल्या पानापेक्षा दसपट चांगलं होईल.

मखमलीच्या आतही बघा. एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या रेषांची जाळी होते, तिचे शंकरपाळ्यासारखे चौकोन पडतात आणि त्या काळचे फ्रेंच कोरणारे बऱ्याचदा त्या चौकोनाच्या मधोमध एक ठिपका ठेवत. ठिपका का? जाळी नुसती दाट करत नेली तर काळोख मेलेला, सपाट दिसतो. रेषांमधला कोरा कागद श्वास घेत राहिला पाहिजे आणि तरी तिथे प्रकाश साचता कामा नये, या दोन्ही मागण्या ठिपका पुऱ्या करतो. मखमल प्रकाश पिते तो परिणाम यातून येतो. रेशमाला असं चालत नाही. त्याला चकाकीच्या जागी रेषा तोडून कागद उघडा ठेवावा लागतो.

आता फर. या चित्रातली माझी सगळ्यात आवडती जागा. बाहेरची मखमल उलटून आतलं अस्तर दिसतं तिथे नजर एकदम काळोखातून पांढऱ्यात पडते. जवळ गेलात तर दिसेल की फर काढलेलीच नाही, सोडलेली आहे. सावलीच्या बाजूला आखूड, एकमेकींना न जुळणारे फटकारे आहेत, मधला बहुतेक भाग जवळपास कोरा कागद आहे आणि त्यावर शेपटांचे काळे ठिपके विखुरलेत. तो कागद मऊ वाटतो, कारण त्याला कुठेही सलग बाह्यरेषा दिलेली नाही. त्याच्या शेजारच्या मखमलीची कड मात्र घड्यांच्या वळणाने ठाम चालत येते. पोत म्हणजे काय हे समजावायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. आणि रचनेच्या दृष्टीने बघा, हा पांढरा पट्टा खांद्यापासून खाली वळत जाऊन नजरेला थेट पायांकडे नेतो. म्हणजे पोताचं काम आणि रचनेचं काम एकाच जागी चाललंय.

पायांबद्दल लिहायलाच हवं. झगा मुद्दाम वर सारलाय आणि पांढऱ्या मोज्यांतले दोन्ही पाय नाचाच्या पवित्र्यात उघडे आहेत. पोटरीवर रेषा अगदी विरळ आहेत आणि त्या गोलाईला धरून आडव्या वळतात, त्यामुळे थोडक्याच रेषांत घट्टपणा येतो. 1701 मध्ये लुई बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचा होता. चेहऱ्याने ते वय लपवलेलं नाही. गाल ओघळलेत, तोंड आत गेलंय. पाय मात्र तरण्या नर्तकाचे. ही विसंगती रिगोची, पण छापात ती जास्त टोचते असं माझं मत आहे, कारण रंग गेल्यावर चेहरा आणि पाय या दोन उजळ जागा एकमेकींशी थेट स्पर्धा करायला लागतात. उलट रंगचित्रातल्या लाल टाचा छापात गप्प झाल्या आहेत. दरबारी मानाची ती खूण फक्त रंगात होती. करड्या छटेत ती साधी टाच उरते. काय हरवलं हेही रूपविश्लेषणातच येतं बरं का.

चेहऱ्याकडे शेवटी या. मूळ चित्र साधारण 277 सेंटिमीटर उंच आणि छाप साधारण 70 सेंटिमीटर, म्हणजे उंचीने चौथा हिस्सा. चेहरा उरतो जेमतेम बोटभर. इतक्या जागेत मखमलीची जाडजूड जाळी घातली तर राजाच्या गालावर मासेमारीचं जाळं टाकल्यासारखं दिसेल. म्हणून इथे भाषा बदलते. आखूड, उथळ तुटक रेषा, त्यांच्या टोकाला ठिपके, आणि उजेडाकडे जाताना नुसते ठिपके. रेषा डोळ्याला वेगळी दिसू नये एवढी बारीक. झग्यावर कोरणारा आपली कारागिरी मिरवतो, चेहऱ्यावर ती लपवतो. माझ्या दृष्टीने या छापाचा कणा हाच आहे. मान कुणाचा हे रेषांच्या जातीतून ठरवलंय: कापडाला, दगडाला भारदस्त जाळी, केसांना लांब वळणं आणि चेहऱ्याला अशी वागणूक की तिथे हत्यार चाललंय असं वाटूच नये. तुमच्या लेखाला एकच विधान हवं असेल तर ते यातून काढा. मी म्हणतो तेच लिहा असं नाही. बटर पेपरवर गिरवल्यावर तुम्हाला वेगळं दिसलं तर ते लिहा.

रचनेवर फार पानं घालवू नका, ते तुम्हाला बरंच जमलंय. दोन-तीन गोष्टी जोडा. शरीर तिरपं आणि तोंड आपल्याकडे, हात कमरेवर, राजदंड उलटा धरून काठीसारखा टेकवलेला. हा बेफिकीर रुबाब व्हॅन डाइकने रंगवलेल्या इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या, शिकारीच्या वेळच्या चित्रातही आहे. तिथे हातात खरीच काठी आहे. मुकुट बाजूच्या उशीवर ठेवलेला, डोक्यावर नाही. मागचा भक्कम खांब उभा आणि त्याच्या तळाशी न्यायदेवतेचं शिल्प, तर वरचा पडदा तिरपा, झुलणारा. एक रेषा स्थिर ठेवते, दुसरी हलवते. बरोक (सतराव्या शतकातली नाट्यमय, हालचालीने भरलेली युरोपीय शैली) म्हणून जे तुम्ही ढोबळपणे लिहिलंय ते या ताणातून दाखवा. खांब आणि पाय यांची उभी जोडीही बघण्यासारखी आहे. दगड नियमित, एकदिश रेषांनी कोरलाय, पोटरी वळणाऱ्या रेषांनी. दोघांचं काम भार पेलण्याचंच.

"मूळ कल्पना दुसऱ्याची" ही तुमची खंत सोडून द्या. रचना रिगोची, भाषा द्रव्हेची. विश्लेषणात दोघांना वेगळं ठेवा: पवित्रा, वस्तूंची मांडणी, प्रकाश यांचं श्रेय चित्रकाराला, आणि छटा, पोत, कडा, रेषांचा क्रम यांचं कोरणाऱ्याला. चित्राखालच्या अक्षरांतही ही वाटणी असते. लॅटिनमध्ये चित्रकाराच्या नावापुढे "पिंक्सिट" (याने रंगवलं) आणि कोरणाऱ्याच्या नावापुढे "स्कुल्प्सिट" (याने कोरलं) किंवा त्यांची लघुरूपं. ती अक्षरंही चित्राचा भाग समजा. त्यांची पट्टी किती उंच आहे, राजाचं नाव केवढ्या अक्षरांत आहे, ती चित्राला पाया देते की नुसतं खाली लटकते, हे लिहा. कोरणारे स्वतःला हलके समजत नव्हते. 1660 मध्ये सेंट-जाँ-द-लूझ इथून निघालेल्या राजाच्या फर्मानाने फ्रान्समधल्या एनग्रेव्हिंगला मुक्त कलेचा दर्जा दिला आणि तिला कारागिरांच्या संघाच्या बंधनातून सोडवलं. तेव्हा द्रव्हेचा जन्मही झाला नव्हता. तो जन्मला 1663 मध्ये, आणि ही प्रतिष्ठा त्याला आयती मिळाली.

तुलनेला एखादं छापचित्र घेतलंत तर विश्लेषणाला धार येते, पण एकच घ्या. माझी निवड रोबेर नान्तेय. तो राजाचा अधिकृत कोरणारा होता, समोर बसवून रेखाटन करायचा आणि मग स्वतःच कोरायचा. त्याने तरुण लुई अनेकदा कोरला. चौकट अंडाकृती, फक्त छातीपर्यंतचा माणूस, सामान जवळजवळ नाही. तिथे सगळा भार चेहऱ्यावर आहे, त्यामुळे बारीक तुटक रेषांची ती चेहऱ्याची भाषा मोठ्या प्रमाणावर बघायला मिळते. द्रव्हेकडे राजेपण कपड्यांतून आणि सामानातून येतं, नान्तेयकडे नजरेतून. दुसरा मोह क्लोद मेलाँचा होईल. तो रेषा सहसा एकमेकींवर घालत नसे. शेजारी शेजारी चालणाऱ्या रेषा फक्त जाड-बारीक करून छटा काढायचा. 1649 मध्ये त्याने ख्रिस्ताचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून सुरू होऊन फिरत जाणाऱ्या एकाच रेषेत कोरला. थक्क करणारं काम आहे, जरूर बघा, पण तुमच्या लेखात आणू नका. ते आलं की लेख त्याचाच होतो.

मराठी वाचकासाठी एक आडवळण. शिवाजी महाराज आणि चौदावा लुई समकालीन. महाराजांचं एक कोरीव चित्र फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या 1724 ते 1726 या काळात छापलेल्या डच ग्रंथात आहे. त्या काळी दख्खनी, विशेषतः गोवळकोंड्याच्या शैलीतली राजेरजवाड्यांची चित्रं हॉलंडला जात होती. तसल्या चित्रात रंग सपाट भरलेला असतो आणि कड एकाच नाजूक रेषेने बांधलेली असते. चेहऱ्यावर एका बाजूने पडणारी सावली नसते. युरोपातला कोरणारा बुरिन हातात घेतो तेव्हा त्याच्या सवयीने गालावर आडव्या रेषा येतात, कपड्याला घड्यांची गोलाई येते. अशा छापांकडे आपण बहुतेक वेळा "महाराज खरे असेच दिसायचे का" एवढाच प्रश्न घेऊन जातो. त्याआधी कुठली रेषा दख्खनची आणि कुठली बुरिनच्या सवयीची हे वेगळं करायला हवं, आणि त्यासाठी तुम्ही आत्ता जे शिकताय तेच लागतं.

इतिहासाचं काय? आणा, पण तो चित्रातल्या एखाद्या दिसणाऱ्या गोष्टीला उत्तर म्हणून यावा. उदाहरण देतो. रिगोचं चित्र मुळात लुईच्या नातवासाठी, स्पेनच्या पाचव्या फिलिपसाठी काढायला सांगितलं होतं. राजाला ते इतकं आवडलं की त्याने स्वतःकडेच ठेवलं. ही गोष्ट सुरुवातीला सांगितलीत तर नुसती गंमत. पण तुम्ही आधी दाखवलंत की छापात प्रत्येक लिलीचं फूल, गळ्यातल्या मानाच्या साखळीची कडी, झालरीचा प्रत्येक धागा किती स्वच्छ, वाचता येईल असा कोरलाय, आणि मग म्हणालात की मूळ चित्र राजवाड्यात एका जागी होतं तर छाप दूरदेशी जाणार होता, जिथे राजाची ओळख या खुणांवरूनच पटायची होती, तर तोच इतिहास तुमच्या निरीक्षणाला आधार देतो. क्रम उलटा केला की निरीक्षण इतिहासाच्या मागे फरफटत जातं, आणि तुमच्या पहिल्या मसुद्यात नेमकं तेच झालंय.

तुमच्या मसुद्यातलं एक वाक्य असं आहे: "भव्य झगा राजाच्या अमर्याद सत्तेचं प्रतीक आहे." ते मी असं लिहिलं असतं: "झगा चित्रातला सर्वांत मोठा गडद आकार आहे. तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या दाट जाळीमुळे त्याला वजन येतं, आणि त्या जाळीतून राखून ठेवलेली उजळ लिलीची फुलं घड्यांबरोबर वळत, अर्धी लपत पुढे जातात. त्यामुळे नजर झग्याच्या पृष्ठभागावर रेंगाळते आणि राजाचं शरीर असतं त्याहून रुंद भासतं." सत्ता हा शब्द इथे आलाच नाही. पुढच्या वाक्यात आणायचा असेल तर आता खुशाल आणा.

प्रतिमेबद्दल थोडं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या डिजिटल संग्रहावर, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळांवर या काळातली छापचित्रं चांगल्या रिझोल्यूशनमध्ये मिळतात. शोध इंजिनात वर येणारी पहिली प्रतिमा घेऊ नका. ती लहान केलेली असते आणि बारीक जाळी स्क्रीनच्या ठिपक्यांशी भांडून भलत्याच लाटा दाखवते. मूळ छापात नसलेल्या त्या लाटांवर दोन परिच्छेद लिहिलेले मी पाहिलेत. संग्रहालयाने दिलेलं माप टिपून घ्या आणि त्या मापाचा कागद कापून टेबलावर ठेवा. 70 सेंटिमीटर म्हणजे केवढं हे स्क्रीनवर कळत नाही.

आणि तुम्ही कुठला छाप पाहिलात हे लेखात लिहा. तांबं मऊ असतं. छाप काढत गेलं की पत्रा झिजतो, आणि आधी जातात त्या सगळ्यात उथळ रेषा. उथळ रेषा सगळ्यात जास्त कुठे आहेत? चेहऱ्यावर. म्हणून उशिराच्या छापात झगा धडधाकट दिसतो आणि राजाचा गाल मात्र पांढरा, सपाट, पुसल्यासारखा. कधी कधी झिजलेल्या जागा नंतर कुणी पुन्हा कोरून जाड करतं, मग चेहरा अचानक राकट होतो. तुमच्या प्रतिमेत गालावरचे ठिपके मोठं करूनही दिसत नसतील तर दुसऱ्या संग्रहातली प्रत शेजारी ठेवून बघा आणि मगच चेहऱ्याच्या कोरीवकामाबद्दल लिहा. दोन प्रतींत फरक दिसला तर दोन्हींचे संग्रह-क्रमांक तळटीपेत द्या, सरांना ते आवडेल.